सुरतेच्या शेजारचं रानपिंगळ्याचं घर

 सुरतकराला रानातला एकांत तीनेक तासांत गाठता येतो: डांग जिल्ह्यात, पूर्णा नदीकाठी, महाल इथलं वनखात्याचं निसर्ग शिबिर. भोवती पूर्णा अभयारण्य, 1990 साली घोषित झालेलं, सुमारे 160 चौरस किलोमीटर. साग आणि बांबूचं रान. इथे वाघ नाही. बिबळ्या आहे, पण तो दिसेलच असं धरून जाऊ नये.

जावं ते रानपिंगळ्यासाठी. 1884 नंतर या घुबडाची खात्रीशीर नोंदच नव्हती. 1914 चा म्हणून सांगितला जाणारा नमुना पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांनी चोरून खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. तो दुवा बाद झाल्यावर पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी जुन्या नमुन्यांच्या गावांवरून माग काढला, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याजवळ, तो दिवसाउजेडी झाडावर बसलेला सापडला! पूर्णा अभयारण्यातली त्याची नोंद 2015 साली प्रसिद्ध झाली.

ओळख: साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, याच्या डोक्यावर जवळजवळ नसतातच. तो दिवसा वावरतो, म्हणून हिवाळ्यातल्या सकाळी सागाचे शेंडे दुर्बिणीने न्याहाळावेत. मोबाइलवर त्याची साद वाजवून त्याला बोलावू मात्र नये. हद्द राखायला तो धावून येतो आणि त्याची शिकार, पिल्लं मागे राहतात.