सुबाभूळ : चारा म्हणून चांगली, पण शेंग पिकली की डोकेदुखी

शिरड शहापूर (ता. औंढा नागनाथ) : उन्हाळ्यात हिरवा चारा संपला की शेळीपालकांची नजर बांधावरच्या सुबाभळीकडे जाते. पाला फुकटचा आणि शेळ्या आवडीनं खातात. पण हे झाड नीट माहीत नसेल, तर जनावरालाही त्रास होतो आणि जमीनही अडकते.

सुबाभूळ मूळची आपली नाही. तिचं घर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. तिथून स्पॅनिश लोकांनी ती फिलिपिन्सला नेली आणि पुढं ती जगभर पसरली. महाराष्ट्रात उंच वाढणाऱ्या जातींचा प्रसार १९७० च्या दशकात मणिभाई देसाई यांच्या उरुळी कांचनच्या ‘बायफ’ संस्थेनं केला. चारा, सरपण आणि पडीक जमिनीवर झाडोरा हा त्यामागचा हेतू.

ओळख कशी? गावरान बाभळीला काटे असतात, फुलं पिवळी असतात आणि शेंग मण्यांच्या माळेसारखी. सुबाभळीला काटे नाहीत, फुलांचे गोंडे पांढरे, शेंगा चपट्या, वीतभर लांब आणि झुपक्यानं लटकणाऱ्या. तूर-हरभऱ्यासारखंच हे शेंगवर्गीय झाड असून मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र घेतं. म्हणून हलक्या जमिनीतही तग धरतं. पाणी साचून राहणारी जमीन मात्र त्याला मानवत नाही.

किती खाऊ घालायचं? वाळलेल्या पाल्यात २० ते २५ टक्के प्रथिनं असतात. पण त्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्यही असतं. कोवळ्या शेंड्यांत आणि बियांत ते जास्त. नुसता हाच पाला बरेच दिवस दिला, तर केस गळणं, लाळ गळणं, खाणं कमी होणं, गळ्याला सूज येणं असे त्रास दिसतात.

हवाईतल्या शेळ्यांना हा त्रास का होत नाही, याचा शोध ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांनी घेतला. त्या शेळ्यांच्या पोटात हे विष पचवणारे जिवाणू सापडले. पण आपल्या जनावराच्या पोटात ते आहेत की नाहीत, हे वरून कळत नाही. म्हणून एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त पाला देऊ नये. दिवसाला चार किलो हिरवा चारा खाणाऱ्या शेळीला सव्वा किलोपर्यंत पुरे. बाकी कडबा, भुसकट, गवत द्यावं. सुरुवात थोड्यापासून करावी. गाभण जनावराला टाळलेलं बरं. घोडा, गाढव, डुक्कर, ससा यांना देऊच नये. लक्षणं दिसली तर पाला लगेच बंद करून पशुवैद्यकाला दाखवावं.

पसरते कशी? एका शेंगेत १५ ते २० बिया असतात. परागीकरणाला दुसरं झाड लागत नाही, त्यामुळं एकटं झाडही भरपूर बी देतं. बियांचं कवच टणक असल्यानं त्या मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि पाऊस पडला की टप्प्याटप्प्यानं उगवतात. दाट सावलीखाली दुसरं गवत वाढत नाही. जगातल्या सर्वांत त्रासदायक १०० आगंतुक प्रजातींच्या यादीत सुबाभळीचं नाव आहे, ते याच कारणानं.

झाड बुंध्यातून तोडलं तरी पुन्हा फुटतं. त्यामुळं नको असलेली रोपं पावसाळ्यात, माती ओली असताना, लहानपणीच मुळासकट उपटावीत. ठेवायची असतील ती झाडं कमरेएवढ्या उंचीवर छाटत राहावीत. फुलांचे गोंडे दिसले की विळा चालवायचा, शेंग पिकू द्यायची नाही. त्यानं जनावराला पाला मिळत राहतो आणि शेजाऱ्याच्या वावरात बीही जात नाही.