उन्हात विटलेल्या खुर्च्या

टिळकवाडीत ज्या घरांपुढे अद्याप थोडे अंगण उरले आहे, तेथे प्लॅस्टिकच्या चार खुर्च्या हटकून आढळतात. आमच्या लहानपणी रविवार पेठेतील अडतीवर गिऱ्हाइकास बसावयास सतरंजी किंवा लाकडी बाक असे. पुढे पेढीवर, मंगल कार्यालयात, अंगणात, सर्वत्र हीच खुर्ची आली. एका साच्यातून एकसंध निघणारी अशी खुर्ची फ्रान्समधील कारखानदार आंरी मासोने यांनी १९७२ साली बाजारात आणली होती. तिचा माल बहुधा पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे आपल्या विणीच्या प्लॅस्टिक पोत्याचाच. एवढी गोष्ट आमच्या वेळीच ध्यानात आली असती, तर पुढील प्रसंग टळला असता.

दोन वर्षांपूर्वी वैशाखात नातीचे बारसे होते. दहा-बारा वर्षे अंगणात पडलेल्या आठ खुर्च्या आम्ही स्वहस्ते धुतल्या व त्यांवर खोबरेल तेल चोळले. विटलेला तांबडा रंग क्षणात खुलला. पाहुण्यांनी वाखाणणीही केली. आमच्या थोरल्या अक्का त्यांतील एकीवर बसून जराशा मागे रेलल्या, तोच मागचा पाय फाकून कडकन मोडला. मनगटाचे हाड मोडले. हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. दवाखान्यात त्या एवढेच म्हणाल्या, "अण्णा, खुर्ची तर नवी दिसत होती रे." आम्हास उत्तर सुचले नाही. ती नवी दिसत होती, कारण आम्ही ती तशी दिसविली होती. किडका गहू वर चांगला माल पसरून विकणाऱ्यास आम्ही जन्मभर नावे ठेवली, आणि घरी तेच केले!

आमचे शिक्षण एस.एस.एल.सी. पर्यंतच. तथापि चौकशीअंती कळले ते असे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी या मालाच्या लांबच लांब साखळ्या तुटतात. पृष्ठभाग झिजून आतील रंगद्रव्य व भरीची भुकटी मोकळी होते. बोटास लागणारी पांढरी पूड ती हीच. गच्चीवर विसरलेले प्लॅस्टिक पोते उन्हाळ्यानंतर उचलू जाता हातात तुकडे येतात, हे आपल्या धंद्यातील कोणास ठाऊक नाही? पोते पातळ म्हणून लवकर जाते, खुर्ची जाड म्हणून उशिरा.

तेव्हा धुण्यापूर्वी परीक्षा करावी. खुर्ची उलटी करून पाय जेथे बैठकीस मिळतात तो सांधा उजेडात पाहावा. केसासारखी चीर दिसली, की ती खुर्ची बाद. पाठ हाताने मागे दाबावी; चांगली खुर्ची लवते व पूर्ववत् होते, शिळी करकरते. आमच्यासारखे धान्याचे पोते ठेवून निश्चिंत होऊ नये. पोते सरळ बसते, माणूस रेलतो. शिवाय हल्लीच्या गुळगुळीत फरशीवर पाय बाहेर सरकतात, ते वेगळेच.

धुण्याचा काळ ज्येष्ठारंभीचा, पावसापूर्वीचा बरा. बेळगावच्या पावसात झाडाखालील खुर्चीवर हिरवा थर चढतो; तो खरवडणे आपणांस रुचण्यासारखे नाही. आधीच धुऊन, वाळवून ओसरीत घेतली, तर तो धरतच नाही. बैठकीखाली कोळी असतो, त्यास आधी हलक्या हाताने दूर करावे. मग कोमट पाणी, भांड्यांचा साबण व मऊ ब्रश. डागांवर खाण्याच्या सोड्याचा ओला लेप, खाऱ्या पाण्याच्या पांढऱ्या वळांवर व्हिनेगर. काळे ठिपके न गेल्यास एक भाग ब्लीच दहा भाग पाण्यात, पाच मिनिटे, आणि लगेच भरपूर पाणी. ब्लीचमध्ये व्हिनेगर वा संडासाचे अॅसिड कदापि मिसळू नये. विषारी क्लोरीन वायू निघतो. तारेच्या घासणीने चरे पडतात व त्यांत मळ अधिकच बसतो.

पांढरी पूड साबणाने जात नाही. बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरविल्यास वरचा मेलेला थर निघतो. झळाळी येत नाही, पण हातास पूड लागत नाही. तेलाने रंग खुलतो तो काही दिवसच, पुढे धूळ चिकटते. रंग द्यावयाचा तर प्लॅस्टिकसाठीचा खास प्राइमर आधी हवा, कारण पॉलिप्रॉपिलीनला साधा रंग धरत नाही, डिंकही धरत नाही. म्हणूनच पाठीची चीर तारेने शिवून घेण्याची रीत पडली असावी. पाठीपुरती ती ठीक आहे; पायाची चीर शिवू नये. आणि यांतील कोणत्याही उपायाने गेलेला चिवटपणा परत येत नाही.

आमच्या उरलेल्या सातांपैकी दोन परीक्षेत बाद ठरल्या. आणखी कोणी बसू नये म्हणून पाय कापूनच त्या भंगारात वजनावर दिल्या. पाच ओसरीच्या सावलीत आहेत. अक्का येतात तेव्हा त्यांच्याकडे एक नजर टाकतात आणि लाकडी बाकावर जाऊन बसतात.