कॉर्बीच्या मठातला एक शब्द

प्रभुभोजनातली भाकर म्हणजे ख्रिस्ताचं शरीर. हे आपण इतक्यांदा ऐकतो की त्यातल्या ‘म्हणजे’पाशी कुणी थांबत नाही. नवव्या शतकात उत्तर फ्रान्समधल्या कॉर्बी मठातले दोन साधू मात्र थांबले. दोघांनी एकेक लॅटिन ग्रंथ लिहिला, आणि दोन्हींचं नाव एकच: ‘प्रभूचे शरीर आणि रक्त याविषयी’.

पहिला पास्कासियस राद्बेर्तसचा, ८३१ ते ८३३च्या सुमाराचा. तो लिहिला सॅक्सनीतल्या कॉर्वे मठातल्या साधूंसाठी. कॉर्वे ही कॉर्बीचीच नवी शाखा, आणि सॅक्सन लोक शार्लमेनच्या तलवारीपुढे दोन पिढ्यांपूर्वीच ख्रिस्ती झालेले. तिथे मोघम बोलून भागलं नसतं, असं मला वाटतं. पास्कासियस ठामपणे सांगतो: मरियेपोटी जन्मलं, क्रुसावर खिळलं गेलं आणि पुन्हा उठलं, तेच हे शरीर.

पुढे राजा चार्ल्सने (इतिहासातला ‘टकला चार्ल्स’) त्याच मठातल्या रात्रामनसला विचारलं: हे शरीर आपण गूढ रूपाने घेतो की सत्यात? आणि ते मरियेपोटी जन्मलेलंच शरीर का? रात्रामनस म्हणाला, गूढ रूपाने. आणि तेच शरीर, असं नव्हे.

इथे घाईने निकाल देऊ नका. सगळी मेख ‘सत्य’ या शब्दात आहे. रात्रामनसच्या लेखी ‘सत्य’ म्हणजे कुठल्याही आवरणाशिवाय, उघडउघड समोर असलेली गोष्ट. ख्रिस्त स्वतःला द्राक्षवेल म्हणतो, ते ‘रूप’. तो कुमारीपोटी जन्मला, ते ‘सत्य’. भाकर डोळ्यांना भाकरच दिसते, म्हणून ती ‘रूप’. पण म्हणून ती पोकळ नाही: ख्रिस्ताचं शरीर तिथे आहे, आत्मिक रीतीने, श्रद्धेला दिसणारं. आपण वर्गात रूपक म्हणजे नुसता अलंकार असं शिकतो ना, ते इथे बाजूला ठेवावं लागतं. पास्कासियसचं ‘सत्य’ वेगळं: बाहेरून रूप, आत श्रद्धेने ओळखायची खरी वस्तू. म्हणजे दोघं भांडतायत, पण एकाच शब्दाचे दोन अर्थ धरून. तरी दुसऱ्या प्रश्नावरचा मतभेद खराच उरतो. तो शब्दांनी मिटत नाही.

त्या काळी दोघांपैकी कुणालाच शिक्षा झाली नाही. १०५०मध्ये व्हेर्चेल्लीच्या धर्मसभेने रात्रामनसचं पुस्तक धिक्कारलं, तेही एरियुगेना या दुसऱ्याच विद्वानाचं समजून! १५३१ साली ते कोलोनला छापलं गेलं, प्रोटेस्टंटांनी उचलून धरलं, आणि १५५९मध्ये रोमच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेलं.