आमची काठवट

मित्रांनो, तुमच्या घरी काठवट आहे का? गुरुजींनी वर्गात विचारले तेव्हा चारच हात वर झाले. एकाने तर विचारले, "गुरुजी, ती खायची असते का?" सगळे हसले.

काठवट म्हणजे लाकडाची परात. सुतार ती एका ओंडक्यातून कोरून काढतो. मधे खोलगट, कडेने जाड. तिच्यात भाकरीचे पीठ मळतात. ज्वारीच्या पिठात कढत पाणी ओतले की स्टीलची परात तापून हाताला चटका बसतो. लाकूड तसे तापत नाही. माझी आजी काथवट म्हणते, शेजारच्या काकू काटवट म्हणतात. पण वस्तू एकच.

मला वाटायचे, तिला काठ आहे म्हणून काठवट. नदीला काठ, लुगड्याला काठ, तसा. पण गुरुजी म्हणाले, "तो काठ वेगळा. हा काठ म्हणजे लाकूड." संस्कृतात लाकडाला काष्ठ म्हणतात. बोलता बोलता काष्ठचे काठ झाले. गुरुजींनी फळ्यावर लिहिले: ओष्ठ – ओठ, पृष्ठ – पाठ, कोष्ठ – कोठा. बघा, सगळीकडे 'ष्ठ' जाऊन 'ठ' राहिला! आपली काठीसुद्धा काष्ठापासूनच आली. हिंदीत लाकडाच्या अशाच भांड्याला कठौती म्हणतात. ती आपल्या काठवटीची बहीणच झाली.

आता माझी चूक सांगतो. आमची काठवट आजीच्या आईने तिला लग्नात दिलेली. उन्हाळ्यात मी ती धुऊन उन्हात ठेवली आणि खेळायला गेलो. संध्याकाळी बघतो तर ही मोठी चीर! आई म्हणाली, "आता घाला बंबात." आजी काहीच बोलली नाही. तिने काठवट पदराने पुसली आणि कोपऱ्यात ठेवली. मला रात्री जेवण गेले नाही.

शाळेत हा शब्द शिकल्यावर मी घरी जाऊन आजीला सगळे सांगितले. आजी हसली. म्हणाली, "म्हंजी माझी काथवट संस्कृत हाय व्हय रं?" अण्णांनीही ऐकले. त्यांनी रविवारी चिरेवर पत्र्याची पट्टी ठोकून दिली. आता तिच्यात पीठ मळत नाही, पण आजी शेंगा निवडते. बंबात काही गेली नाही.

मित्रांनो, काठवट धुतल्यावर लगेच पुसा आणि सावलीत वाळवा. आणि घरात असे जुने शब्द असतील तर आजीला विचारून वहीत लिहून ठेवा.

— इयत्ता चौथी