पुस्तकात नाही, म्हणजे पदकच नाही?

“डिस्चार्ज बुकात लिहिलेलं नाही ना? मग मिळालंच नसणार.”

हे वाक्य मी बहुतेक वेळा बडोद्याच्या खंडेराव मार्केटात ऐकतो. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बांधलेली ही इमारत. आत महापालिकेची दफ्तरं, आवारात भाजी आणि फुलं. दांडिया बाजारातला नाहीतर रावपुऱ्यातला जुना मराठी माणूस कधी घराच्या वेऱ्यासाठी म्हणजे घरपट्टीसाठी, कधी मेथीच्या जुडीसाठी इथे येतोच. माझे वडील लष्करात क्लार्क होते हे ज्याला ठाऊक आहे, तो मला गाठून पिशवीतून एक जीर्ण पुस्तक काढतो. आजोबांचं, सासऱ्यांचं, थोरल्या काकांचं. पदकांच्या रकान्यात एखादी ओळ असते किंवा नुसती रेघ. आणि मग ते वाक्य.

गेल्या पावसाळ्यात एक नातू भेटला. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि १९७१च्या डिसेंबरात पूर्व आघाडीवर होते. दुसऱ्याच वर्षी घरच्या अडचणीपायी नाव कापून घेऊन परत आले, त्यामुळे पेन्शन नाही. पुस्तकात १९७१चं काहीच नाही. घरात दोन तट पडलेले. एक म्हणे, आजोबा लढाईला गेलेच नसतील, नुसत्या गोष्टी सांगत असतील. दुसरा तट या नातवाचा. त्याने निळ्या बॉलपेनने रकान्यात ठळक इंग्रजी अक्षरांत ‘पूर्वी स्टार’ लिहून टाकलं होतं आणि त्या पानाच्या झेरॉक्सवर नोटरीचा शिक्काही मारून आणला होता.

मी त्याच्यावर चिडलो. मुलगा चांगला होता, तरी चिडलो, कारण दोन्ही तटांची चूक एकच होती. दोघांनाही वाटत होतं की डिस्चार्ज बुक हीच मूळ नोंद आहे.

तशी ती नाही. जवानाच्या नोकरीत जे जे घडतं, म्हणजे भरती, बदली, बढती, लग्न, मूल, शिक्षा, पदक, ते त्याची पलटण ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये छापते. ती ऑर्डर त्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसला जाते. तिथे जवानाचा ‘शीट रोल’ असतो, त्यात ती चढते. खरी नोंद ही. डिस्चार्ज बुक जवान घरी जायला निघतो तेव्हा त्यावरून भरून हातात देतात. म्हणजे ते त्या दिवसापर्यंतचा उतारा आहे. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर आपण पेनने वारस चढवत नाही, चढवला तर तलाठी हसेल. फौजेच्या पुस्तकाच्या बाबतीत मात्र शहाणीसुरती माणसं हे करून बसतात.

आता ‘त्या दिवसापर्यंतचा’ हे शब्द धरून ठेवा, कारण सगळी मेख तिथे आहे. ढाक्यात शरणागती झाली १६ डिसेंबर १९७१ला. त्या युद्धासाठीचे पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार सरकारने स्थापन केले १९७३ साली. १९६५च्या लढाईचंही तेच: समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल १९६७मध्ये आली. आधी लढाई होते, मग पदक ठरतं, मग कोण पात्र याचे निकष निघतात, मग पलटणी याद्या करतात. १९७२मध्ये घरी आलेल्या माणसाच्या पुस्तकात १९७३चं पदक कोण लिहिणार? त्याच्या पुस्तकातली रेघ एवढंच सांगते की पुस्तक भरलं तेव्हा ते पदक जन्माला आलेलं नव्हतं. तो लढाईत होता की नव्हता, याबद्दल ती रेघ काहीही बोलत नाही.

हा उशीर आपल्याकडचाच आहे असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात रशियाला रसद नेणाऱ्या आर्क्टिक ताफ्यांवरच्या खलाशांसाठी ब्रिटनने वेगळा आर्क्टिक स्टार काढला तो २०१३मध्ये. तोवर त्यातले बहुतेक जण वारले होते.

पदक घोषित होईपर्यंत जो नोकरीत होता त्याचं काम पलटण करते. जो निघून गेला, ज्याची पलटण बदलली, जो दुसऱ्या तुकडीला जोडून दिलेला होता, त्याचं नाव यादीतून निसटतं. कधी यादीत असतं, पार्ट टू ऑर्डरही निघते, पण शीट रोलवर चढायचं राहतं. कधी सगळं चढतं आणि धातूचं पदकच हातात येत नाही. या तीन वेगळ्या चुका आहेत आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे. म्हणून अर्जात ‘आजोबांना पदक द्यावे ही विनंती’ एवढंच लिहून भागत नाही. आर्मी नंबर, हुद्दा, पलटण, तेव्हा ती कुठे होती आणि आजोबा तिच्यात कधीपासून कधीपर्यंत होते, हे लिहावं लागतं. स्टार हे ठरावीक भागातल्या नोकरीसाठी असतात. ‘युद्धात होते’ हे पुरेसं नाही. ‘पहिली मराठा, जमालपूर, डिसेंबर १९७१’ असं काही असेल तर रेकॉर्ड ऑफिसातला माणूस दप्तर उघडू शकतो. आघाडीवरून आलेली जुनी आंतर्देशीय पत्रं, मनीऑर्डरच्या पावत्या, पलटणीच्या ग्रुप फोटोमागची तारीख, हे सगळं अशा वेळी कामाला येतं. नुसत्या छातीवरच्या रिबिनींचा फोटो तितका येत नाही, कारण रिबिनी बाजारातही मिळतात.

आणि अर्ज पाठवायचा कुठे? इथे गैरसमजाची दुसरी फांदी फुटते. बडोद्यात लष्कराच्या यांत्रिकी कोअरचं ईएमई स्कूल आहे, फतेगंजच्या बाजूला लष्कराची मोठी वस्ती आहे, म्हणून लोक तिथल्या गेटवर जाऊन उभे राहतात. गेटवरचा जवान बिचारा काय करणार? ईएमईच्या माणसाचं रेकॉर्डसुद्धा बडोद्यात नाही, ते सिकंदराबादला. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. नौसैनिकांचं मुंबईत मानखुर्दला. जिल्हा सैनिक कार्यालय अर्ज कसा लिहायचा ते सांगतं, साक्षांकन करतं, पुढे पाठवतं. तेही मोलाचं आहे, पण शीट रोलवर ओळ चढवण्याचा अधिकार त्याला नाही. कलेक्टरला नाही, महापालिकेला तर नाहीच, आणि नोटरीचा शिक्का ‘ही झेरॉक्स मुळासारखी आहे’ एवढंच म्हणतो. मूळच चुकीचं असेल तर चुकीला शिक्का बसला, इतकंच.

बडोद्याच्या मंडळींसाठी एक जास्तीची सूचना. इकडच्या कागदांत माणसाच्या नावाला ‘भाई’ चिकटतं आणि आडनाव पुढे येतं. पलटणीच्या दप्तरात ‘दत्तात्रय शिंदे’, इथल्या कार्डावर ‘शिंदे दत्तात्रयभाई’. त्यात पलटणीच्या क्लार्कने इंग्रजीत शिंदेचं ‘सिंदे’ केलेलं असतं, गायकवाडांच्या तर इंग्रजीत किमान दोन जाती आहेत. नाव जुळलं नाही की अर्ज परत येतो आणि घरचे म्हणतात, “बघा, नाकारलं!” तसं नसतं, नुसता माणूस ओळखलेला नसतो. नंबर घाला. नावं हजार असतील, नंबर एकच असतो.

आता त्या नातवावर मी इतका का चिडलो, ते. लष्कराच्या नियमावलीचा ५९५वा परिच्छेद सांगतो की पेन्शन नसलेल्या माणसाचे सेवेचे कागद २५ वर्षं ठेवून नष्ट करायचे. आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलच्या कितीतरी निकालपत्रांत हा आकडा वाचायला मिळतो, कारण कितीतरी दावे त्यावरच आपटतात. १९७२ला बिनपेन्शन घरी आलेल्या आजोबांचे कागद त्या हिशेबाने १९९७च्या सुमारासच गेलेले असू शकतात. मागे उरतो तो ‘लाँग रोल’, म्हणजे माणसामागे चार ओळींचा सारांश. अशा वेळी आजोबांच्या नोकरीचा सगळ्यात तपशीलवार पुरावा कुठला? घरातल्या कपाटातलं तेच डिस्चार्ज बुक. त्यावर बॉलपेन चालवलं की शेवटचा साक्षीदार फुटला. उद्या पलटण आणि तारखांचा खरा मजकूर दाखवायला गेलात, तर समोरचा आधी ती निळी ओळ बघणार आणि मग बाकीच्या पानांवरही संशय घेणार. त्यातून गंमत अशी की नातवाचं म्हणणं बरोबर असण्याचीच शक्यता जास्त होती.

नंबरावरून माझ्या घरीही एक फजिती झाली होती. वडिलांच्याच एका मित्राने असा अर्ज केला, दीड वर्ष उत्तर नाही, आणि शेवटी उत्तर आलं ते दुसऱ्याच माणसाचं. नंबरातला एक आकडा उलटा पडला होता. चूक कार्यालयाची की मित्राच्या अक्षराची, यावर वडिलांचं आणि त्या मित्राचं शेवटपर्यंत जमलं नाही.

मोठा गैरसमज संपला. बाकीचे किरकोळ आहेत, पण तेही ऐकून ऐकून कान किटले आहेत.

“नोंद दुरुस्त करून वीरचक्र मिळवता येईल.” नाही. स्टार आणि सेवा पदकं पात्रतेची असतात: ठरावीक काळ, ठरावीक भाग, की हक्क लागू. शौर्य पदकासाठी त्या वेळच्या कमांडिंग ऑफिसरची शिफारस लागते, ती वरपर्यंत जाते आणि भारताच्या राजपत्रात नाव छापलं जातं. राजपत्रात नाव असूनही पुस्तकात नसेल तर ती दुरुस्ती. राजपत्रातच नसेल तर दुरुस्त करायला काही नाही, आजोबांनी पराक्रम कितीही केलेला असो. हे ऐकायला कडू आहे, पण कुठल्याही एजंटाला पैसे देण्याआधी ऐका.

“आजोबा स्वयंपाकी होते, त्यांना कुठलं पदक?” जमालपूरला गेलेल्या पलटणीचा स्वयंपाकी, न्हावी, गाडीवाला, सगळे त्याच भागात होते. पूर्वी स्टार बंदूक किती वेळा चालवली ते विचारत नाही.

“नोंद झाली की पैसे सुरू होतील.” मासिक भत्ता, आयकरातली सूट, रेल्वेची सवलत, हे शौर्य पदकांमागे येतं. पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल यांच्यामागे केंद्राकडून दमडी येत नाही. तरीही लोक अर्ज करतात, आणि ते मला फार आवडतं.

“इंग्रजांच्या वेळची पदकं आता बाद झाली.” मग फील्ड मार्शल माणेकशॉ १९४२च्या ब्रह्मदेशातला मिलिटरी क्रॉस शेवटपर्यंत कसे लावत होते? मात्र त्या काळच्या शिपायाचे कागद शोधायला लंडनला चिठ्ठ्या पाठवू नका. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं जे दप्तर आहे त्यात मुख्यतः अधिकारी सापडतात; शिपायांची कागदपत्रं इथेच राहिली होती. बडोदा संस्थानाच्या फौजेतल्या माणसाच्या घरच्यांनी हेही ध्यानात ठेवावं की स्वातंत्र्यानंतर संस्थानी पलटणी भारतीय सैन्यात विलीन झाल्या आणि बडोद्याचा काही भाग मराठा लाइट इन्फंट्रीत गेला. त्यांनी विचारपूस बेळगावपासून सुरू करावी.

“न्यू जर्सीतला भाचा म्हणतो, एक बोर्ड असतं, तिथे फॉर्म भरला की झालं.” असतं, अमेरिकेत. तिथे लष्करी नोंदी सुधारणारं खास मंडळ आहे. पण १२ जुलै १९७३ला सेंट लुइसच्या अभिलेखागाराला आग लागून दीड कोटीहून जास्त फायली जळाल्या, त्यामुळे तिथल्या नातवंडांचेही हाल आहेतच. आपल्याकडे असं वेगळं मंडळ नाही. रेकॉर्ड ऑफिसला अर्ज, उत्तर नाही आलं तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज (लष्कर त्या कायद्यातून सुटलेलं नाही, लोकांना उगाच वाटतं), आणि नकार आला तर ट्रायब्युनल. गुजरातसाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. अंतिम नकार मिळाल्यापासून सहा महिन्यांत जायचं असतं, तेव्हा नकाराचं पत्र आलं तर ते रागाने फाडू नका.

“बाजारातून सेट आणून लावला तर काय बिघडलं?” नोंदीच्या दृष्टीने काही बिघडत नाही आणि काही घडतही नाही. सरकारी पदक वर्षानुवर्षं न आल्यामुळे नोकरीतले जवानसुद्धा दिल्ली छावणीच्या गोपीनाथ बाजारातून प्रती आणत आले आहेत. पण सरकारी पदकाच्या कडेवर बहुधा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. घरात जुनं पदक सापडलं तर पॉलिश करण्याआधी ती कड भिंगाखाली वाचा. कित्येकदा हरवलेला आर्मी नंबर तिथेच मिळतो. आणि आजोबांचं पदक नातवाने युद्धस्मारकावर जाताना लावायचं तर छातीच्या उजव्या बाजूला. डावी बाजू ज्याने मिळवलं त्याची.

त्या नातवाला मी हे सगळं फुलवाल्यांच्या रांगेत उभं राहून सांगितलं. तो म्हणाला, “काका, मग आज घरी जाऊन ती ओळ खोडून टाकतो. व्हाइटनर लावू?”

मी पुस्तक त्याच्या हातातून काढूनच घेतलं. म्हटलं, खोडायचं नाही, लावायचं नाही, काहीच करायचं नाही. अर्जात सरळ लिही की अमुक पानावरची निळ्या शाईतली नोंद मी, त्यांच्या नातवाने, अमुक महिन्यात केली आहे आणि ती मूळ मजकुराचा भाग नाही. खाली सही कर. आणि आजोबांचा नंबर मला आत्ता वाचून दाखव, एकेक आकडा, सावकाश.