गुडघा बदलल्यानंतर पुन्हा हिंडते-फिरते होताना

शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांनी एक आजी तपासणीला आल्या होत्या. जखम छान भरली होती, एक्स-रे उत्तम होता. पण गुडघा पूर्ण सरळ होत नव्हता आणि वाकत होता जेमतेम ६० अंश. घरच्यांनी काळजी घेण्यात काहीच कमी ठेवले नव्हते. चहा-जेवण पलंगावर, पाण्याचा तांब्या हाताशी आणि दुखू नये म्हणून गुडघ्याखाली दिवसरात्र मऊ उशी. "आम्ही आईला अजिबात उठू दिलं नाही डॉक्टर," मुलाने कौतुकाने सांगितले. अडचण नेमकी तिथेच होती.

गुडघा बदलतात म्हणजे मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोके काढून तिथे धातूचे आवरण बसवतात आणि दोन्हींच्या मध्ये प्लास्टिकचा भाग असतो. हा सांधा पहिल्या दिवसापासून वजन पेलतो. म्हणून तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुम्हाला वॉकर देऊन उभे करतात. घरातल्या घरात चालल्याने सांधा निखळेल ही भीती मनातून काढून टाका.

सांधा नवा असला, तरी भोवतीचे स्नायू आणि आवरण तुमचेच, तेही वर्षानुवर्षे आखडलेले. शिवाय जखम भरताना शरीर आतमध्ये चिवट पेशीजाल तयार करते. सुरुवातीचे काही आठवडे ते मऊ असते, नंतर घट्ट होत जाते. साधारण पहिल्या सहा ते बारा आठवड्यांत गुडघा जेवढा हलवाल, तेवढी हालचाल तुमची. ही वेळ निघून गेली की तोच व्यायाम दुप्पट करूनही फारसा फरक पडत नाही. काहींना भूल देऊन गुडघा वाकवून घ्यावा लागतो, आणि तोही उपाय पहिल्या तीन महिन्यांतच जास्त चांगला लागू पडतो.

उशी कुठे ठेवायची?

गुडघ्याखाली नाही. तिथे उशी ठेवली की बरे वाटते हे खरे, पण गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो. त्याऐवजी टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या आणि मांडीचे स्नायू आवळून गुडघा खाली दाबा. दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. सगळ्यांचे लक्ष "किती वाकतो" याकडे असते. पण गुडघा सरळ झाला नाही तर लंगडणे राहून जाते.

वाकवण्यासाठी खुर्चीवर बसून पाऊल हळूहळू मागे सरकवा. दुखेल. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी घ्या. "गोळ्या वाईट असतात" म्हणून गोळी टाळायची आणि दुखते म्हणून व्यायाम टाळायचा, हे मी फार वेळा पाहतो. (मूत्रपिंडाचा किंवा पोटातील अल्सरचा त्रास असेल तर कोणती गोळी चालेल ते मात्र आधी विचारा.) व्यायामानंतर बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावा. तेलाची मालीश आणि गरम शेक सध्या नको, शेजारच्या काकूंना त्याने कितीही गुण आला असला तरी.

अति उत्साहही नडतो. संध्याकाळी थोडी सूज येणारच, पण रात्रभर पाय उंच ठेवूनही सकाळी ती उतरली नाही, तर आदल्या दिवशी जास्त झाले असे समजा आणि चालणे थोडे कमी करा. काठी ऑपरेशन झालेल्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

दोन आठवड्यांत ९० अंशांच्या आसपास गुडघा वाकू लागला तर गाडी रुळावर आहे. सहा आठवड्यांच्या सुमारास बरेच जण काठीवर किंवा काठीशिवाय घराबाहेर पडतात. कार चालवणेही बहुधा याच सुमारास जमते. अचानक ब्रेक दाबता आला पाहिजे, ही कसोटी. दुचाकीला अजून थांबा. गुडघा गरम लागणे, थोडी सूज, आतून टकटक आवाज हे काही महिने चालते. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूची त्वचा बधिर राहते, कारण तिथली बारीक नस कापली जाते. त्याने चालण्यात काही अडत नाही.

त्या आजींची उशी त्याच दिवशी काढली. फिजिओथेरपिस्ट रोज घरी येऊ लागले आणि चहा स्वयंपाकघरात येऊनच प्यायचा असे ठरले. तिसऱ्या महिन्यात गुडघा १०५ अंश वाकत होता. लवकर आल्या, म्हणून जमले.

मांडी घालून बसता येईल का?

हा प्रश्न मला रोज विचारला जातो. काहींना जमते, ते बरेचसे शस्त्रक्रियेआधी गुडघा किती वाकत होता यावर ठरते. आरतीच्या वेळी क्षणभर बसलात म्हणून काही बिघडणार नाही, पण रोजच्या जेवणाला खुर्ची आणि शौचाला कमोडच बरा. उकिडवे बसून भांडी घासणे आता पुरे. चालणे, सायकल, जखम पूर्ण भरल्यावर पोहणे खुशाल करा. धावणे आणि उड्या नकोत.

वारीचे विचाराल, तर पहिल्या वर्षी पूर्ण पायी वारी नको असेच मी सांगतो. पुढच्या वर्षी सपाटीचा एखादा टप्पा चाला आणि दिवे घाट गाडीने पार करा.

काही लक्षणांना मात्र थांबू नका. पोटरी दुखून टणक होणे किंवा सुजणे हे रक्ताच्या गुठळीचे लक्षण असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले तर थेट रुग्णालय गाठा. ताप, वाढती लाली किंवा जखमेतून पाणी येऊ लागले, तर मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून स्वतःच सुरू करू नका. जंतुसंसर्ग त्याने झाकला जातो आणि नेमका कोणता जंतू आहे ते कळणे अवघड होते. आधी ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांना जखम दाखवा.