स्वरांचं गाव

मोहोळ सोडून पंढरपूरच्या रस्त्याला लागलं की गावोगाव 'ग्रामपंचायत कार्यालय' ही पाटी दिसते. त्यातला 'ग्राम' आपल्या प्राचीन संगीतशास्त्राचा पायाच आहे, आणि तिथेही त्याचा अर्थ वस्ती हाच! कुटुंबं एकोप्याने नांदतात ते जसं गाव, तसा स्वर-श्रुतींचा मेळ म्हणजे ग्राम, असं 'बृहद्देशी'कार मतंग सांगतो.

या गावात २२ श्रुती, म्हणजे सुरांमधली कानाला जाणवणारी सूक्ष्म अंतरं, सात स्वरांत वाटलेल्या. भरताच्या नाट्यशास्त्रात षड्जग्रामाची वाटणी अशी: सा ४, रे ३, ग २, म ४, प ४, ध ३, नी २. मध्यमग्रामात पंचम फक्त एक श्रुती खाली उतरतो. त्याच्या ३ राहतात, धैवताच्या ४ होतात. पण एका घराचा बांध सरकला की शेजार बदलतो. दोन स्वरांत ९ किंवा १३ श्रुतींचं अंतर असेल तर त्यांचा संवाद. सा-प हे १३ चं नातं इथे तुटतं आणि रे-प मध्ये ९ चं नवं जुळतं.

ही एक श्रुती ऐकायची कशी? भरताने दोन वीणा सारख्या लावायला सांगितल्या. एक तशीच ठेवायची. दुसरीचा पंचम मध्यमग्रामाइतका उतरवायचा आणि मग बाकीच्या तारा त्याच्या मागोमाग उतरवून पुन्हा षड्जग्राम बांधायचा. आता अख्खी वीणा एका श्रुतीने खाली. आणखी एकदा उतरवली की तिचे ग, नी पहिलीच्या रे, ध मध्ये मिसळतात. तिसऱ्या खेपेला रे, ध हे सा, प मध्ये. चौथ्या खेपेला सा, म, प हे नी, ग, म मध्ये. ग-नीच्या ४, रे-धच्या ६ आणि सा-म-पच्या १२ मिळून २२ श्रुती! मोजपट्टी नाही, काटा नाही, फक्त कान. मला याहून सुंदर प्रयोग माहीत नाही.

तेराव्या शतकात देवगिरीला, सिंघण यादवाच्या दरबारी, शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात दोन्ही ग्राम सविस्तर आहेत. तिसरा गांधारग्राम मात्र स्वर्गातच उरल्याचं तो नोंदवतो. पुढे मध्यमग्रामही मागे पडला. १९१० साली सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी २२ श्रुतींवर पुस्तक लिहून ती चर्चा पुन्हा जागी केली. मैफलीत मात्र तंबोरा आहे. त्याची पहिली तार बहुतेक रागांत पंचमाला लावलेली असते, आणि गाणं संपेपर्यंत ती तिथून हलत नाही.